पाळकाची पूजा नको, पाळकासाठी प्रार्थना हवी

‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ हे वाक्य आपल्या मंडळ्यांमध्ये फार स्वस्त झाले आहे. दवाखान्यात आजाऱ्याला भेटून निघताना, मयतीच्या घरून परतताना, मुलाच्या नोकरीचा विषय निघाला की, आणि आता व्हॉट्सअॅपवर जोडलेल्या हातांचे चित्र पाठवताना ते आपसूक येते. बोलणाऱ्याला ते पाळायचे ओझे वाटत नाही आणि ऐकणाराही ते पाळले जाईल अशी अपेक्षा ठेवत नाही. पाळकांच्या किंवा धर्मगुरूंच्या बाबतीत तर उलटाच हिशेब रूढ आहे. प्रार्थना करणे हे त्यांचे काम, ती करवून घेणे हे आपले. उपासनेत त्यांचे नाव घेतले जाते ते बहुधा मानापुरते.

इतरांसाठी प्रार्थना म्हणजे सदिच्छा आणि पुढाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणजे आदर, हा समज उथळ तर आहेच, पण तो मंडळीची हानीही करतो. माझे म्हणणे असे आहे: दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना ही स्वीकारलेली जबाबदारी असते, आणि ती प्रार्थना करणाऱ्यालाच आधी बांधून घेते. आध्यात्मिक नेत्यासाठी केलेली प्रार्थना म्हणजे त्याचे माणूसपण, त्याची दुर्बलता आणि त्याचे उत्तरदायित्व देवासमोर मान्य करणे होय. जिथे ती प्रार्थना थांबते तिथे नेत्याचा एक तर देव होतो, नाही तर गुन्हेगार. हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. मध्यस्थी म्हणजे शुभेच्छा नव्हे

शुभेच्छेत देणाऱ्याचे काही खर्ची पडत नाही. बायबलमधली मध्यस्थीची प्रार्थना मात्र नेहमी खर्चाची आहे. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम सदोमासाठी देवाशी बोलतो, ते जवळून वाचावे. पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचवशील का, इथून तो सुरुवात करतो. मग पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस आणि शेवटी दहा. प्रत्येक पायरीवर तो आपण धूळ व राख असल्याचे भान ठेवतो, तरी मागे हटत नाही. सदोमाशी त्याचे नाते अवघे पुतण्यापुरते, पण तो पुतण्याचे नावही घेत नाही. तो मागतो ते सबंध नगरासाठी, आणि त्यात न्यायाचा प्रश्न थेट देवापुढे ठेवतो. हे हात जोडून उरकलेले काम नव्हे.

मोशेने तर याहून मोठी किंमत देऊ केली. सोन्याच्या वासराच्या प्रसंगानंतर लोकांना क्षमा मिळणार नसेल तर आपलेच नाव देवाच्या पुस्तकातून खोडावे, असे तो म्हणतो. पौल कलस्सैकरांना लिहितो की एपफ्रास त्यांच्यासाठी प्रार्थनेत जीव तोडून झगडत असतो. एपफ्रास हा त्यांच्यातलाच, त्यांच्याच गावचा माणूस. तो आता पौलाजवळ आहे, गावापासून दूर आहे, पण गाव त्याच्या मनावरून उतरलेले नाही.

या तिन्ही ठिकाणी तीन गोष्टी समान आहेत: ज्याच्यासाठी मागायचे त्याची नीट ओळख, मागण्यातला नेमकेपणा आणि चिकाटी. आपल्या उपासनेतली एका दमात उरकलेली विनवणी या कसोटीवर लावून पाहावी. आजाऱ्यांना बरे कर, प्रवासात असणाऱ्यांना सांभाळ, आमच्या पाळकसाहेबांना आशीर्वादित कर, आमेन. या वाक्यांत खोटे काही नाही, पण त्यांत कोणी माणूसही नाही. आजारी कोण, त्याला भीती कशाची, त्याच्या घरची चूल कशी चालली आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या प्रार्थनेला धरायला काही मिळत नाही.

२. ती प्रथम प्रार्थना करणाऱ्याला बांधते

दीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने फिंकनवाल्डे येथे पाळकीय उमेदवारांची शाळा चालवली. नाझी पोलिसांनी ती १९३७ साली बंद केली. तिथल्या सहजीवनावर त्याने लिहिलेले छोटे पुस्तक १९३९ साली निघाले. त्यात त्याचा एक मुद्दा असा आहे की मंडळी एकमेकांसाठीच्या मध्यस्थीवर जगते आणि ती नसेल तर कोसळते. कारण तो सांगतो ते व्यवहाराचे आहे: ज्याच्यासाठी मी मनापासून देवापुढे उभा राहतो, त्याचा द्वेष करत राहणे मला जमत नाही. त्याने मला कितीही त्रास दिला असला तरी त्याचा चेहरा माझ्यासाठी बदलतो. येशूने शत्रूंसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा का दिली, हे इथे उमगते. शत्रू बदलेल की नाही हे नंतरचे, त्याआधी आपल्याला बदलावे लागते.

हे बांधून घेणे मनापुरते थांबत नाही. बर्लिनच्या सेंट हेडविग कॅथेड्रलमधले धर्मगुरू बर्नहार्ड लिख्टेनबर्ग यांची हकीकत पाहा. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर सिनेगॉग जाळली गेली, तेव्हापासून ते संध्याकाळच्या प्रार्थनेत ज्यू लोकांसाठी जाहीरपणे प्रार्थना करू लागले. ते एका दिवसापुरते नव्हते, वर्षानुवर्षे चालले. १९४१ साली दोन विद्यार्थिनींनी ती प्रार्थना ऐकून पोलिसांना कळवले आणि ऑक्टोबरमध्ये लिख्टेनबर्ग यांना अटक झाली. दोन वर्षांची शिक्षा भोगून झाल्यावर त्यांना दाखाऊच्या छळछावणीत धाडण्यात आले. वाटेतच, ५ नोव्हेंबर १९४३ रोजी, त्यांचा मृत्यू झाला.

प्रार्थना म्हणजे मनातल्या मनात पुटपुटणे असते, तर त्या राजवटीने तिची दखल घेतली नसती. ज्यांना माणूस म्हणून मोजायचे नाही असे सरकारने ठरवले होते, त्यांचे नाव लिख्टेनबर्ग रोज वेदीपुढे माणूस म्हणून घेत होते. सत्ताधाऱ्यांना या प्रार्थनेचा अर्थ आपल्याहून चांगला कळला होता, ही गोष्ट आपल्याला अंतर्मुख करणारी आहे.

प्रार्थना दूषितही होऊ शकते, हे त्याच वेळी सांगितले पाहिजे. शुभशुक्रवारच्या रोमन कॅथलिक उपासनेत ज्यू लोकांसाठी शतकानुशतके प्रार्थना होत होती, पण त्यात त्यांना हिणवणारा शब्द होता. पोप तेविसावे जॉन यांनी तो १९५९ साली काढून टाकला आणि पुढे १९७० च्या उपासनापुस्तकात ती प्रार्थना मुळापासून नव्याने लिहिली गेली. दुसऱ्यासाठी मागताना त्याच्यावर आपण उंचावरून नजर टाकत असू, तर ती मध्यस्थी राहत नाही. मध्यस्थ ज्याच्यासाठी मागतो त्याच्या शेजारी उभा राहतो.

३. नेत्यांसाठी वेगळी प्रार्थना का?

सगळ्यांसाठीच प्रार्थना करायची, तर पाळक, बिशप, सुवार्तिक यांचे नाव वेगळे का घ्यायचे? नेत्याची पायरी वरची म्हणून नव्हे. त्याची घसरण एकट्याची राहत नाही आणि त्याच्यावर येणारा भार एकट्याने पेलण्याजोगा नसतो, म्हणून.

रेफीदीमची लढाई आठवावी. यहोशवा मैदानात अमालेकाशी लढतो आहे आणि मोशे टेकडीवर देवाची काठी घेऊन उभा आहे. त्याचे हात वर असतात तोवर इस्राएल सरशी करते, हात खाली आले की अमालेक. निर्गमाचा लेखक मोशेचा थकवा लपवत नाही. हात जड होतात, तेव्हा अहरोन आणि हूर एक धोंडा आणून त्यावर त्याला बसवतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवतात. ज्याने समुद्र दुभंगताना काठी उगारली, त्या माणसाला बसायला धोंडा लागतो आणि हात धरायला दोन माणसे लागतात. इस्राएलच्या सर्वांत मोठ्या नेत्याचे हे चित्र शास्त्राने मुद्दाम जपले आहे.

नव्या करारात तर नेतेच हात पसरतात. पौल थेस्सलनीकाकर, रोमकर, इफिसकर, कलस्सैकर अशा मंडळ्यांना आपल्यासाठी प्रार्थना करा म्हणून विनवतो. इफिसकरांच्या पत्रात तो बेड्यांत आहे. तिथे तो सुटका मागत नाही, सुवार्ता निर्भयपणे सांगता यावी म्हणून तोंडी शब्द मागतो. म्हणजे पौलालाही भीतीची शक्यता ठाऊक होती. धैर्य हा आपला जन्मजात गुण आहे अशा भ्रमात तो नव्हता, ते दुसऱ्यांच्या प्रार्थनेतून मिळावे असे तो धरून चालतो. वसईत हरित वसई चळवळीचे नेतृत्व करताना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना बलाढ्य हितसंबंधांविरुद्ध उभे राहावे लागले. अशा धर्मगुरूसाठी त्याच्या मंडळीने मागायचे ते हेच: त्याचा शब्द विकला जाऊ नये आणि दबूही नये.

खुद्द येशूकडे पाहावे. पेत्र नाकारणार हे त्याला आधीच ठाऊक होते, म्हणून पेत्राचा विश्वास ढळू नये अशी प्रार्थना त्याने केली, आणि सावरल्यावर आपल्या भावांना स्थिर करण्याचे कामही त्याच्यावर सोपवले. गेथशेमाने बागेत त्याने तिघांना आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले. ते झोपले. प्रभूला सोबत हवी होती, ती त्या रात्री मिळाली नाही. मग आपल्या पाळकाला सोबतीची गरज नाही असे मानणे कोणत्या तोंडाने जमते?

१३ मार्च २०१३ च्या संध्याकाळी नवे पोप फ्रान्सिस सेंट पीटर्सच्या सज्जात आले. रिवाजानुसार त्यांनी लोकांना आशीर्वाद द्यायचा होता. त्याआधी त्यांनी चौकात जमलेल्या लोकांना आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगितले आणि मान लववून स्तब्ध उभे राहिले. नेत्यासाठी प्रार्थना हा मानपानाचा भाग नसून त्याच्या कामाचा पाया आहे, हे त्या कृतीने अवघ्या जगाला दिसले.

४. प्रार्थना ही पूजेच्या उलट दिशेची

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तर्तुल्यन या आफ्रिकी ख्रिस्ती लेखकाने रोमन अधिकाऱ्यांपुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. आरोप असा होता की हे लोक सम्राटापुढे यज्ञ करत नाहीत, म्हणजे राजद्रोही आहेत. त्याच्या उत्तराचा मथितार्थ असा: आम्ही सम्राटाची प्रार्थना करत नाही, सम्राटासाठी प्रार्थना करतो, आणि सम्राटाची खरी सेवा यातच आहे. ज्याच्यासाठी देवाकडे मागावे लागते तो देव नसतो, हे त्यातून आपोआप ठरते.

हाच नियम मंडळीला लागू करून पाहा. आपल्याकडे नेत्यांच्या बाबतीत दोन आजार दिसतात. पहिला व्यक्तिपूजेचा. अमुक भाऊंनी हात ठेवला की काम होते, अमुक पाळकांचा शब्द म्हणजे देवाचाच शब्द, त्यांच्याविरुद्ध बोलणे म्हणजे अभिषिक्ताला हात लावणे. दुसरा निंदेचा. उपासना सुटली की चर्चच्या आवारात पाळकांचा उपदेश, त्यांच्या पत्नीचे वागणे, त्यांच्या मुलांचे कपडे, पंचकमिटीतला वाद, सगळे चघळले जाते, आणि तीन वर्षांत बदलीचा अर्ज फिरू लागतो.

वरवर पाहता हे आजार परस्परविरुद्ध आहेत, पण मूळ एकच: पाळकाने माणूस असता कामा नये ही अपेक्षा. पूजणारा त्याचे माणूसपण नाकारतो, निंदक ते पकडून शिक्षा देतो. म्हणून कालचा भक्त आजचा निंदक होताना वेळ लागत नाही. या दोन्हींवर उतारा एकच आहे. जो माणूस आपल्या पाळकाचे नाव रोज देवापुढे घेतो त्याला त्याची पूजा करता येत नाही, कारण त्याची गरज त्याने पाहिलेली असते. त्याची निंदाही करता येत नाही, कारण त्या गरजेत तो स्वतः सहभागी झालेला असतो.

५. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: देवाला सर्व ठाऊक आहे, तर सांगायचे कशाला?

येशूनेच म्हटले आहे की मागण्याआधी पित्याला आपली गरज ठाऊक असते, आणि लगेच त्याने मागायलाही शिकवले. म्हणजे प्रार्थना देवाला माहिती पुरवण्यासाठी नाही. थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातल्या तत्त्वचिंतकाने याचे उत्तर नेटके दिले: आपण देवाचा बेत बदलण्यासाठी मागत नाही. देवाने जे आपल्या प्रार्थनेद्वारेच घडवायचे ठरवले आहे, ते घडावे म्हणून मागतो. देव पिकासाठी शेतकरी आणि शिकवण्यासाठी शिक्षक वापरतो, तसाच आशीर्वादासाठी मध्यस्थ वापरतो. आपण एकमेकांच्या उपयोगी पडावे, ही त्याची इच्छा आहे.

दुसरा आक्षेप: प्रयोगांनी प्रार्थना निष्फळ ठरवली आहे.

फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७२ साली असा युक्तिवाद केला की राजघराण्यातल्यांसाठी देशभर जाहीर प्रार्थना होते, तरी सुखवस्तू वर्गांत त्यांचेच सरासरी आयुष्य सर्वांत कमी. २००६ साली अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा रुग्णालयांतले, हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १८०२ रुग्ण त्यात होते. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण ज्यांना खात्रीने ते ठाऊक नव्हते त्यांच्यात ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली नाही त्यांच्यात ५१ टक्क्यांना, आणि आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात ५९ टक्क्यांना.

हे आकडे झाकायचे कारण नाही. प्रार्थना म्हणजे ठरावीक मात्रेत दिले की ठरावीक गुण देणारे औषध आहे, असे जर कोणी मानत असेल तर त्याचे मत या अभ्यासाने खोडले, आणि ते बरेच झाले. आपल्याकडच्या ‘हमखास चमत्कार’ सभांच्या जाहिराती नेमके तेच मत विकतात. पण ख्रिस्ती मध्यस्थी ही मात्रा नाही. त्या अभ्यासात प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचे पहिले नाव, आडनावाचे आद्याक्षर आणि प्रार्थनेत घालायचे ठरावीक शब्द दिलेले होते. रुग्ण त्यांच्या ओळखीचा नव्हता, त्याला भेटायचे नव्हते, त्याच्यासाठी काही सोसायचे नव्हते. शिवाय ‘प्रार्थना नसलेल्या’ गटातल्या रुग्णांसाठी त्यांच्या घरच्यांनी केलेली प्रार्थना कोण वगळणार? आकडे उलटे आले असते तरी मी त्यांवर विश्वास उभारला नसता. येशूने गेथशेमानेत प्याला टळावा म्हणून मागितले आणि तो टळला नाही. त्या प्रार्थनेला निष्फळ म्हणणाऱ्याला वधस्तंभाचा अर्थच लावता येणार नाही.

तिसरा आक्षेप: प्रार्थना ही कृतीतून पळवाट आहे.

ती तशी होऊ शकते, आणि याकोबाच्या पत्राने तिला आधीच फटकारले आहे. उघड्या-उपाशी भावाला नुसते ‘सुखाने जा’ म्हणण्यात काय अर्थ, असे तो विचारतो. पण अनुभव उलटही सांगतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या हाकेवर शेकडो स्त्रिया रोज प्रार्थनेला जमत होत्या. त्याच मुक्तीत दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींचे जेवण, शिक्षण, शेती, छापखाना हे सारे चालले होते. प्रार्थनेचा वेळ कामातून चोरलेला नव्हता. ज्या मुलीसाठी सकाळी मागितले, तिलाच दुपारी वाढायचे होते. कृती टाळणाऱ्याला कोणतेही निमित्त पुरते, त्याचा दोष प्रार्थनेच्या माथी मारू नये.

चौथा आक्षेप: नेत्यांसाठी प्रार्थना म्हणजे त्यांच्या दुष्कृत्यांवर पांघरूण.

हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. २००२ साली बोस्टनमधल्या वृत्तपत्राने धर्मगुरूंकडून मुलांचे झालेले लैंगिक शोषण आणि वरिष्ठांनी केलेली लपवाछपवी उजेडात आणली. आयर्लंडमधल्या चौकशी अहवालांनीही तेच दाखवले. पंथ कोणताही असो, बळी पडलेल्यांना ‘त्यांच्यासाठी प्रार्थना करा, बोलू नका’ असे सांगितले जाते तेव्हा प्रार्थनेचे नाव घेऊन पाप केले जाते. ते स्पष्ट शब्दांत धिक्कारले पाहिजे.

खरी मध्यस्थी कशी वागते ते शमुवेलाने दाखवले. शौल राजा आज्ञा मोडतो, तेव्हा शमुवेल रात्रभर त्याच्याबद्दल देवाकडे आक्रोश करतो, आणि पहाटे उठून त्याला भेटायला जातो. मेंढरांचे ओरडणे ऐकू येतेच आहे, हे त्याला तोंडावर सुनावतो, आणि देवाने त्याला राजपदावरून नाकारले आहे हा निर्णयही सांगतो. रात्रीचे रडणे आणि सकाळचे बोलणे ही एकाच प्रेमाची दोन कामे आहेत. जो रात्री रडला नाही त्याचे सकाळचे बोलणे सूडाचे होते, आणि जो सकाळी बोलला नाही त्याचे रात्रीचे रडणे खोटे होते. नेता गुन्हा करत असेल तर त्याच्यासाठीच्या प्रार्थनेत त्याला थांबवणे, पोलिसांकडे जाणे आणि पीडिताच्या बाजूने उभे राहणे हे सगळे येते. पीडिताचे नाव त्या प्रार्थनेत पहिले असले पाहिजे.

पाचवा आक्षेप: ख्रिस्त एकच मध्यस्थ आहे, मग आपण मध्यस्थी कशी करणार?

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय उघडावा. ख्रिस्त हा एकच मध्यस्थ, हे वचन तिथे आहे. त्याच अध्यायाच्या आरंभी सर्व माणसांसाठी, राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी विनंत्या व प्रार्थना कराव्यात असा बोध आहे. लेखकाला या दोहोंत विरोध दिसला नाही. आपली मध्यस्थी ख्रिस्ताच्या बरोबरीची नाही, ती त्याच्या मध्यस्थीत सामील होणे आहे. इब्री लोकांस पत्र सांगते की तो आपल्या लोकांसाठी रदबदली करायला सर्वदा जिवंत आहे. आपण त्या चाललेल्या प्रार्थनेत आपला आवाज मिळवतो.

६. मग करायचे काय?

एक, नावे घ्यावीत. नाझी काळात जर्मनीतल्या प्रतिकार करणाऱ्या मंडळ्यांनी कैदेतल्या पाळकांच्या नावांच्या याद्या करून त्या उपासनेत वाचल्या. मार्टिन नीम्यॉलर यांना १९३७ साली अटक झाल्यावर त्यांच्या बर्लिन-दालेमच्या मंडळीत कैद्यांसाठी रोजची प्रार्थना सुरू झाली. नाव वाचले जाते तो माणूस विसरला जात नाही. प्रत्येक मंडळीत अशी यादी असावी: आजारी, कर्जात अडकलेले, नोकरी गेलेले, मंडळीशी रुसून घरी बसलेले.

दोन, पाळकासाठी नेमके मागावे. ‘आशीर्वाद’ या ढोबळ मागणीऐवजी पौलाची यादी घ्यावी: सत्य बोलण्याचे धैर्य, दार उघडण्याची संधी, दुष्टांपासून सुटका. त्यात आपल्या काळाची भर घालावी. पैशाच्या व्यवहारात चोख राहावे, एकटेपणात ढासळू नये, स्तुतीने फुगू नये, वर्षभर मयतीच्या घरी दुसऱ्यांना धीर देताना स्वतःचे दुःख आटू नये. पाळकाच्या पत्नीसाठी आणि मुलांसाठीही मागावे, कारण मंडळीच्या नजरेचा जाच त्यांना अधिक सोसावा लागतो.

तीन, विचारावे. ‘पाळकसाहेब, या आठवड्यात तुमच्यासाठी काय मागू?’ हा प्रश्न किती सभासदांनी कधी विचारला आहे? आणि पाळकांनी त्याचे खरे उत्तर द्यावे. ज्या नेत्याला आपल्या मंडळीपुढे दुर्बलता सांगता येत नाही, त्याच्यावरचा धोका वाढतच जातो.

चार, प्रार्थनेपाठोपाठ पाऊल उचलावे. पाळकाच्या घराचे छप्पर गळते, पगार तीन महिने थकला आहे, आणि मंडळी त्याच्यासाठी गुडघ्यावर आहे, हे चित्र देवाला मान्य होणार नाही. देवापुढे मांडलेली गरज आपल्या आवाक्यात असेल, तर आपल्या प्रार्थनेचे उत्तर आपणच व्हायचे असते.

एवढे केल्याने नेते चुकणार नाहीत असे नाही. पण ती मंडळी नेत्याच्या तेजावर किंवा त्याच्या पडझडीवर जगणार नाही. तिला आपला पाळक माणूस म्हणून ठाऊक असेल, त्याला धरून ठेवण्याचे आणि वेळ आली तर अडवण्याचे बळ तिच्यात असेल. मंडळीला कसा पाळक लाभतो, हे पुष्कळदा मंडळी त्याच्यासाठी काय मागते यावर ठरते. तेव्हा पुढच्या रविवारी उपदेश कसा झाला हे तोलण्याआधी, त्या उपदेशासाठी आपण आठवडाभर काय मागितले याचा हिशेब प्रत्येक सभासदाने स्वतःला द्यावा.